लॅपटॉपची बॅटरी, मोबाइलची केबल आणि लिनक्सवर आलेला आळ

वाचकाचा प्रश्न थोडक्यात: वय २९, ॲग्रीची डिग्री, राहायला नाशिकमध्येच. दिंडोरी आणि निफाड भागातल्या द्राक्ष बागायतदारांकडे जाऊन फवारणी, खतं, छाटणी यांच्या नोंदी ठेवायचं काम करतात. त्यासाठी साडेबारा इंची छोटा सेकंडहँड लॅपटॉप घेतलाय, सहाव्या जनरेशनचा इंटेल आय-फाइव्ह प्रोसेसर. विंडोज १० चा सपोर्ट संपला म्हणून त्यावर लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम टाकली. आता बॅटरी जेमतेम दोन तास चालते. यूट्यूबवर बघून टीएलपी टाकलं, ऑटो-सीपीयूफ्रेक टाकलं (दोन्ही बॅटरी वाचवणारे प्रोग्रॅम), पॉवरटॉप या वीजखर्च दाखवणाऱ्या प्रोग्रॅमचं ऑटो-ट्यून मारलं, प्रोसेसरचा स्पीड कमीत कमीवर लॉक केला, डार्क थीम लावली, शिवाय बॅटरी वाचावी म्हणून वायफाय बंद करून मोबाइलचं नेट केबलने घेतात, तरी फरक नाही. बॅगेत ठेवलेला लॅपटॉप कधी कधी गरम निघतो. मोठे भाऊ म्हणतात, "लिनक्स टाकलंस ना, भोग आता." दर शेतकऱ्याकडे प्लग मागायची लाज वाटते. प्रश्न असा की विंडोज परत टाकू, नवीन बॅटरी घेऊ, की हा विकून दुसरा लॅपटॉप बघू? सोबत पॉवर स्टॅटिस्टिक्स या बॅटरीचे आकडे दाखवणाऱ्या प्रोग्रॅमचा स्क्रीनशॉट जोडलाय.

उत्तर:

तुम्ही स्क्रीनशॉट पाठवलात हे फार बरं केलंत, कारण बॅटरीवरची बहुतेक पत्रं "लवकर संपते हो" एवढ्यावरच थांबतात आणि मग उत्तर म्हणजे अंधारात दगड. तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये तीन आकडे आहेत आणि ते तुमच्या सगळ्या पत्रापेक्षा जास्त बोलतात. बॅटरी नवीन होती तेव्हा तिची क्षमता ४६ वॅट-अवर (एक वॅट तासभर खर्च झाला की एक वॅट-अवर), आज फुल चार्ज केल्यावर तिच्यात मावतात २७ वॅट-अवर, आणि स्क्रीनशॉट काढला त्या क्षणी लॅपटॉप खात होता १३ वॅट. आता २७ ला १३ ने भागा. दोन तास आणि वर काही मिनिटं. म्हणजे तुमचा लॅपटॉप तुम्हाला फसवत नाहीये, जेवढं मिळायला पाहिजे बरोबर तेवढंच देतोय.

गाडीच्या भाषेत सांगायचं तर टाकी लहान झालीय आणि ॲव्हरेजही पडलंय. या दोन वेगळ्या भानगडी आहेत, दोन्हीचे इलाज वेगळे आहेत, आणि तुम्ही आतापर्यंत केलेले सगळे उपाय फक्त ॲव्हरेजचे होते, टाकीकडे कोणी बघितलंच नाही. त्याला कारण ती कोपऱ्यातली टक्केवारी. १०० टक्के म्हणजे "आज जेवढं मावतं त्याच्या १०० टक्के", बॅटरी नवीन होती तेव्हाच्या नाही, त्यामुळे बॅटरी कितीही म्हातारी झाली तरी सकाळी आकडा १०० च दिसतो आणि आपल्याला वाटतं की भरलेली तर होती, मग दुपारपर्यंत गेली कुठे.

आता मोठ्या भावांच्या मुद्द्याकडे येऊ. तुम्ही लिहिलंय की विंडोजवर असताना "आरामात चार तास जायची". कधीची गोष्ट ही? पत्रावरून वाटतं लॅपटॉप घेतला त्या सुमाराची, म्हणजे दीड-दोन वर्षांपूर्वीची. तेव्हाची बॅटरी तरुण होती, तेव्हा तुम्ही बहुतेक घरात मध्यम ब्राइटनेसवर काम करायचात, आणि आता भर उन्हात बागेत बसून करता. ही तुलना लिनक्स विरुद्ध विंडोज अशी झालीच नाही, ती जुन्या तुमची आणि आजच्या तुमची झाली. भाऊ अगदीच चुकीचे आहेत असंही नाही म्हणणार मी, काही लॅपटॉपवर लिनक्स खरंच जास्त खातं, विशेषतः वेगळं एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असलेल्या मशीनवर ते कार्ड नीट झोपवलं गेलं नाही तर, आणि ब्राउझरमधल्या व्हिडिओचाही एक मुद्दा आहे, त्यावर पुढे येतो. पण तुमच्याकडे इंटेलचं आतलंच ग्राफिक्स आहे, ही तशी लिनक्सवर गुण्यागोविंदाने चालणारी जात आहे.

आणि परत जायचं तरी कुठे? विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हे तुम्हाला माहितीच आहे, त्यासाठीच तर तुम्ही लिनक्सवर आलात. विंडोज ११ ला इंटेलची आठवी जनरेशन लागते, तुमचा सहावी. जुगाड करून बसवता येतं, पण ज्या लॅपटॉपवर शेतकऱ्यांच्या एक्सपोर्टच्या प्लॉटचं फवारणीचं रेकॉर्ड आहे त्याच्यावर जुगाड नको. शिवाय विंडोज टाकलं तरी बॅटरीत मावणार २७ च. तो रस्ता मी बंद धरतो.

उलट बाजूचा एक गैरसमजही इथेच काढून टाकू, कारण तुमच्यासारखे बरेच जण त्याच आशेने लिनक्सवर येतात. "लिनक्स हलकं असतं म्हणजे वीज कमी लागेल" असं तुम्ही लिहिलंय. हलकं म्हणजे रॅम कमी खातं, जुन्या मशीनवर पटकन उघडतं. पण स्क्रीनच्या मागचा दिवा तेवढीच वीज घेतो आणि ब्राउझरमध्ये उघडलेलं व्हॉट्सॲप वेब तेवढंच प्रोसेसर हलवतं, खाली सिस्टीम कोणतीही असो. मिंटचं सिनॅमन (म्हणजे समोर दिसणारा डेस्कटॉप) काढून एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप टाकला तर बॅटरी वाढेल का असं जे विचारतात त्यांनाही हेच, वाढली तर किंचित, त्यासाठी सगळं परत मांडायचा खटाटोप करू नका.

आता १३ वॅट. साडेबारा इंची, सहाव्या जनरेशनचा लॅपटॉप, मध्यम ब्राइटनेस, एक स्प्रेडशीट आणि दोन-तीन टॅब, एवढ्यावर सात-आठ वॅटच्या वर जायला नको. म्हणजे पाचेक वॅट कुठेतरी गळतायत. तुमचं पत्र वाचताना एका वाक्यावर मी थांबलो आणि हसलोच, रागावू नका. "वायफाय बंद करून मोबाइलचं नेट केबलने घेतो, म्हणजे बॅटरी वाचते."

अहो, ती केबल नुसतं नेट आणत नाहीये, ती मोबाइल चार्ज करतेय! साध्या यूएसबी २ पोर्टातून मोबाइल अडीच वॅटपर्यंत घेऊ शकतो, यूएसबी ३ असेल तर साडेचार, आणि काही लॅपटॉपना पिवळा किंवा बॅटरीचं चिन्ह असलेला चार्जिंगचा पोर्ट असतो तो याहून जास्त देतो. वायफाय बंद करून तुम्ही वाचवलं किती, तर फार फार तर एक वॅट. आणि याला शेवट नाही, कारण हल्लीच्या ५००० एमएएचच्या मोबाइलची बॅटरी म्हणजे जवळपास १९ वॅट-अवर, तुमच्या लॅपटॉपमध्ये एकूण आहेत २७. सकाळी मोबाइल अर्ध्यावर असताना केबल लावली तर लॅपटॉप संपेपर्यंत त्याचा तिसरा हिस्सासुद्धा मोबाइलच्या पोटात जाऊ शकतो. मग लिनक्सने काय करायचं बिचाऱ्याने.

केबल काढा, वायफाय चालू करा, मोबाइलचा हॉटस्पॉट घ्या. हॉटस्पॉटने मोबाइल उतरतो ही अडचण खरी आहे, त्याला एक साधी पॉवरबँक घ्या आणि मोबाइल तिच्यावर लावा. फोन जवळ ठेवा, वायफायचा सिग्नल धडधाकट असला की वायफाय चिप कमी धडपडते. आणि नेट सारखं लागतंच का हेही एकदा बघा, नोंदी ऑफलाइन शीटमध्ये भरून प्लॉट संपला की पाच मिनिटं हॉटस्पॉट लावून पाठवल्या तर दोन्ही बॅटऱ्या खूश.

हे मी सांगतोय म्हणून मानू नका, स्वतः बघा, दहा मिनिटांचं काम आहे. चार्जर काढून पॉवर स्टॅटिस्टिक्स उघडा (मिंटच्या मेनूत असतं, नसलं तर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून टाका), त्यात रेट म्हणून वॅटचा आकडा आहे. सगळं जसं रोज असतं तसं ठेवून तो आकडा कागदावर लिहा. मग मोबाइलची केबल काढा, दोनेक मिनिटं थांबा, कारण आकडा लगेच हलत नाही, परत लिहा. मग ब्राइटनेस अर्ध्यावर, परत लिहा. मग ब्राउझर पूर्ण बंद, परत लिहा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा एवढाच नियम. ज्या बदलाने आकडा खाली आला नाही तो बदल तुमच्या मशीनवर निरुपयोगी, मग तो कुठल्याही यूट्यूबवाल्याने सांगितलेला असो.

ब्राइटनेसचा धक्का बसेल तुम्हाला. पूर्ण आणि अर्ध्या ब्राइटनेसमध्ये अशा स्क्रीनवर सहज दीड-दोन वॅटचा फरक पडतो. आणि डार्क थीम तुमच्याकडे काहीच वाचवत नाहीये. ओएलईडी स्क्रीनवर काळा भाग खरोखर बंद असतो म्हणून तिथे फायदा, तुमची साधी एलसीडी, तिच्यात मागचा दिवा पूर्ण स्क्रीनभर जळतच असतो, समोर काळं दाखवा नाहीतर पांढरं. उलट उन्हात काळ्यावर करडी अक्षरं दिसत नाहीत म्हणून तुम्ही ब्राइटनेस शंभरावर नेता. बागेत असताना पांढरी थीम, काळी जाड अक्षरं, शीटचा झूम जरा वाढवा, आणि बांधावर उन्हात बसण्यापेक्षा मांडवाखाली सावलीत बसा, साठ टक्क्यांवरही स्वच्छ दिसेल.

आता तुम्ही टाकलेल्या त्या तीन-तीन औषधांबद्दल. टीएलपी, ऑटो-सीपीयूफ्रेक आणि मिंटबरोबर येणारं पॉवर प्रोफाइल्स डेमन ही तिन्ही मंडळी कमी-जास्त एकच काम करतात, एकत्र ठेवली की एकाने लावलेलं दुसरं बदलतं आणि नक्की काय चालू आहे ते देवालाही कळत नाही. एकच ठेवा. तुमच्यासाठी मी टीएलपी म्हणेन, कारण टाकलं की काही न बदलता बऱ्यापैकी चालतं आणि चार्जिंगची मर्यादा लावायची सोयही त्यात आहे. ऑटो-सीपीयूफ्रेक ज्या इन्स्टॉलरने टाकलं त्याच्याच रिमूव्ह पर्यायाने काढा आणि रीस्टार्ट करा.

पॉवरटॉप मात्र ठेवा, पण बघायला. इंटेलने हे २००७ मध्ये काढलं ते मुळात कोण प्रोसेसरला सारखं उठवतंय ते शोधायला, आणि त्या कामात ते आजही झकास आहे. त्याचं ऑटो-ट्यून तसंही रीस्टार्ट केल्यावर उडून जातं, आणि त्यात यूएसबीचा माऊस झोपून अडकायला लागतो, टीएलपी माऊस-कीबोर्डला आपणहून वगळतं. आणि पॉवरटॉपमध्ये जे कॅलिब्रेट आहे त्याने बॅटरी दुरुस्त होते असं तुम्हाला कोणीतरी सांगितलंय, तसं नाहीये, ते पॉवरटॉप स्वतःचा अंदाज नीट करायला वापरतं, बॅटरीला त्याचा स्पर्शही होत नाही.

प्रोसेसरचा स्पीड कमीत कमीवर लॉक केलाय तो आधी सोडा. ऐकायला शहाणपणाचं वाटतं पण शीट उघडायला दोन सेकंद लागायची तिथे आठ लागतात, तेवढा वेळ स्क्रीन जळतेय, तुम्ही बसून राहिलाय, शेतकरी बघतोय. प्रोसेसर पटकन काम उरकून गाढ झोपला तर वीज कमी लागते. आणि इंटेलच्या या प्रोसेसरवर जो "पॉवरसेव्ह" गव्हर्नर (स्पीड ठरवणारी सेटिंग) दिसतो त्याच्या नावावर जाऊ नका, तो स्पीड गरजेप्रमाणे वर-खाली करतोच. फार तर बॅटरीवर असताना टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा जास्तीचा स्पीड, बंद ठेवा, टीएलपीच्या सेटिंगमध्ये ती एक ओळ आहे, उन्हाळ्यात लॅपटॉप थंड राहायलाही बरं.

ब्राउझर. व्हॉट्सॲप वेबचा टॅब दिवसभर उघडा ठेवू नका, मोबाइल हातातच आहे ना. व्हिडिओचं असं आहे की यूट्यूब हल्ली व्हीपी-नाइन किंवा एव्ही-वन या प्रकारात व्हिडिओ देतं, आणि तुमच्या सहाव्या जनरेशनच्या चिपमध्ये ते पूर्ण उलगडायचं हार्डवेअर नाही, व्हीपी-नाइनचं पक्कं सातवीपासून आलं आणि एव्ही-वनचं अकरावीपासून, त्यामुळे सगळा भार प्रोसेसरवर आणि पंखा सुरू. एचटूसिक्सफोरिफाय नावाचं छोटं एक्स्टेन्शन टाकलं की यूट्यूब जुना एच-२६४ प्रकार देतं, तो तुमची चिप आरामात उलगडते. बागेत बसून व्हिडिओ बघायची वेळ येत नसेल तर हे सगळं सोडून द्या.

बॅगेत गरम निघतो ते मात्र सोडू नका, ते मला सगळ्यात जास्त खटकलं. याचा अर्थ झाकण लावल्यावर तो झोपतच नाहीये, किंवा झोपून मधेच उठतोय. पॉवर मॅनेजमेंटमध्ये बॅटरीवर असताना झाकण बंद केल्यावर काय करायचं तिथे सस्पेंड आहे का बघा, कोणीतरी गाणी ऐकायला "काही करू नको" करून ठेवलेलं असतं. ते बरोबर असेल तर एका रात्री टक्के लिहून ठेवा, झाकण लावून झोपा, सकाळी बघा. दोन-चार टक्के गेले तर ठीक, वीस गेले तर झोप उथळ आहे, मग बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) स्लीपचा पर्याय असतो का ते शोधा, आणि तोपर्यंत घरून निफाडला निघताना सरळ शटडाउन करत जा, एसएसडी असेल तर परत सुरू व्हायला कितीसा वेळ लागतो.

गरमीचा दुसराही हिशोब आहे. लिथियम-आयन बॅटरीला दोन गोष्टी म्हातारं करतात, उष्णता आणि सतत पूर्ण भरलेलं राहणं. एप्रिलमध्ये चाळिशीच्या उन्हात गाडीच्या डिकीत किंवा बंद कारमध्ये राहिलेला, वर शंभर टक्के भरलेला लॅपटॉप, याहून वाईट काही नाही तिच्यासाठी. घरी चार्जरवर असताना चार्जिंग ८० ला थांबेल असं टीएलपीमध्ये लावा, थिंकपॅडसारख्या बऱ्याच मशीनना ते जमतं, तुमच्याला जमतं का ते टीएलपीच्या बॅटरी रिपोर्टमध्येच लिहिलेलं येतं. ज्या दिवशी लांबचा दौरा असेल त्या दिवशी सकाळी एकदा फुल चार्जचा हुकूम द्यायचा. आणि डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा खाली जातो तेव्हा सकाळी सकाळी बॅटरी कमी दाखवली तर घाबरू नका, थंडीत ती तात्पुरती कमी देते, ऊब आली की परत येते.

आता पैशाचा प्रश्न. मघाचीच भागाकाराची गंमत बघा. आहे त्याच म्हाताऱ्या बॅटरीवर खर्च १३ वरून साडेसातवर आणला तर साडेतीन तास. काहीच न बदलता फक्त नवी बॅटरी घातली तरी साडेतीनच तास! दोन्ही केलं तर सहा. म्हणून आधी फुकटातलं करा, आठवडाभर काढा, आणि मग ठरवा की साडेतीन तास पुरतात का. तुमच्या पत्रात दिवसाला तीन-चार प्लॉट आहेत, प्रत्येकावर लॅपटॉप उघडा असतो पाऊण तास. माझ्या हिशोबाने पुरायला हवेत, काठावर का होईना. न पुरले तर बॅटरी घ्या. लॅपटॉप विकायचा विचार या घडीला डोक्यातून काढा, ५९ टक्के बॅटरीचा लॅपटॉप विकायला गेलात तर समोरचा त्याच बॅटरीवर बोट ठेवून भाव पाडेल.

बॅटरी घेताना जुनीवरचा पार्ट नंबर बघून घ्या, एमजी रोडला घ्या नाहीतर ऑनलाइन, पण काही कंपन्यांचं बायोस दुसऱ्याच कुठल्या तरी बॅटरीला चार्जच करत नाही म्हणून परत घ्यायची अट आधी विचारून ठेवा. दुकानातच बसवा, पॉवर स्टॅटिस्टिक्स उघडा आणि फुल क्षमतेचा आकडा लेबलवरच्या आकड्याच्या जवळ आहे का ते दुकानदारासमोर बघा. जुनाच माल नवीन डब्यात असेल तर तिथेच कळतं. जमल्यास द्राक्षाचा माल निघायचा सीझन लागायच्या आधी हे उरका, जानेवारीनंतर तुम्हाला जेवायला वेळ नसतो असं तुम्हीच लिहिलंय.

प्लग मागायच्या लाजेबद्दल. चहाला नाही म्हणता येत नाही ना कुठल्याच मळ्यात? मग चहा होईपर्यंत घरातला प्लग मागायला काय हरकत आहे, अर्ध्या-पाऊण तासात बॅटरी बऱ्यापैकी वर येते, आणि तुम्ही त्यांच्याच प्लॉटचं रेकॉर्ड भरताय. फक्त मोटारीच्या खोलीतल्या बोर्डाला लावू नका, तिथला व्होल्टेज कसा नाचतो ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहिती आहे, घरातला सिंगल फेजचा प्लग बघा.

शेवटचं एक, आणि हे सगळ्याच जुन्या लॅपटॉपवाल्यांसाठी. टचपॅड वर उचलल्यासारखा वाटतोय का, खालचं झाकण फुगलंय का, टेबलावर ठेवल्यावर लॅपटॉप डुलतो का ते आजच बघा. तसं असेल तर वरचं सगळं विसरा, चार्जिंग बंद, बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, ज्याला काढता येते त्याच्याकडून काढून घ्यायची. आणि काढलेली बॅटरी, फुगलेली असो वा नुसती म्हातारी, घंटागाडीत टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांप्रमाणे ती परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा नवीन घेताना जुनी त्याच दुकानात ठेवून या, आणि तो घ्यायला नाही म्हणाला तर नवीन दुसऱ्या दुकानातून घ्या.